जोडप्यांसाठी बंधनखेळाचे पहिले साहित्य: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ठाण्यापासून खारघरपर्यंतच्या पट्ट्यात राहणाऱ्या परिचित जोडप्यांनी गेल्या काही वर्षांत खासगीत विचारलेल्या प्रश्नांची उत्तरे येथे एकत्र केली आहेत. बंधनखेळ म्हणजे प्रणयात जोडीदाराचे हातपाय बांधण्याचा खेळ. विचारणारे सारे १८ वर्षांवरील आणि एकमेकांच्या राजीखुशीने हा खेळ खेळू पाहणारे होते. ही उत्तरेही तशाच वाचकांसाठी आहेत. मी डॉक्टर नाही. प्रस्तरारोहणाच्या निमित्ताने दोऱ्या हाताळण्यात माझी बरीच वर्षे गेली आहेत, आणि या विषयात त्या अनुभवाने सुरुवातीला मदतीपेक्षा दिशाभूलच जास्त केली, कारण कड्यावरची गाठ सुटू नये म्हणून मारतात, तर येथली गाठ कोणत्याही क्षणी सुटावी म्हणून मारायची असते.

पहिली खरेदी एकच करायची असेल, तर काय घ्यावे?

आतून मऊ अस्तर असलेले, साधारण ५ सेंटिमीटर रुंदीचे आणि वेल्क्रोने बंद होणारे मनगटी पट्टे घ्यावेत. बाजारात त्यांना कफ म्हणतात. गुडघेदुखीसाठी जे आधारपट्टे मिळतात, त्यांच्यासारखे निओप्रीनचे कापड असेल तर उत्तम. रुंदीमुळे दाब एका रेषेत न राहता पसरतो, पट्टा कितपत आवळला आहे हे डोळ्यांना दिसते, आणि काढताना गाठ शोधावी लागत नाही. वेल्क्रो एका झटक्यात ‘चर्रर्र’ आवाज करीत निघते. काही जण वेल्क्रोला कच्चे समजतात, कारण बांधलेली व्यक्ती थोडी धडपड केली तर स्वतःच हात सोडवू शकते. पहिल्या काही वेळा नेमका हाच त्याचा गुण असतो, कारण सुटता येते हे ठाऊक असलेली व्यक्ती निवांत राहते, आणि निवांत व्यक्ती काय आवडते व काय नाही हे नीट सांगू शकते.

चामड्याचे बक्कलवाले पट्टे जास्त टिकाऊ नसतात का?

टिकाऊ असतात, दिसतातही चांगले, आणि वर्षभराने घ्यायचे असतील तर जरूर घ्यावेत. मात्र बक्कल काढण्यासाठी पट्टा आधी थोडा आणखी आवळावा लागतो, हे कमरेचा पट्टा वापरणाऱ्या कोणालाही ठाऊक असते, आणि हात सुजला असेल किंवा समोरची व्यक्ती घाबरून ओढत असेल तेव्हा तेवढी ढील मिळत नाही. स्वस्त मालात कडांना अस्तर नसते आणि कापलेली कड मनगटात रुतते. विकत घेण्यापूर्वी ती कड स्वतःच्या मनगटावरून फिरवून पाहावी. कुलूप लागणारे पट्टे सुरुवातीला टाळावेत.

घरातली ओढणी, टाय किंवा रेशमी उपरणे चालणार नाही का?

बहुतेक जोडपी येथूनच सुरुवात करतात, आम्हीही तशीच केली. लग्नातले रेशमी उपरणे कपाटात पडून होते. त्याचा स्पर्श मऊ, म्हणून ते सुरक्षितच असणार असे आम्ही गृहीत धरले. दहा मिनिटांनी सोडायला गेलो तेव्हा ओढताणीने गाठ चिंचोक्याएवढी झालेली, तिचे टोक कोणते आणि वेढा कोणता हे कळेना, आणि मनगटाभोवतीचे कापड गोल वळून बोटाएवढ्या जाडीचे झालेले. केसांची पिन, मग चमच्याचे टोक असे प्रयत्न करून शेवटी ते उपरणे स्वयंपाकघरातल्या कात्रीने कापावे लागले. त्या कात्रीचे टोक मनगटाच्या आतल्या बाजूला किती जवळून गेले, ते आजही आठवते. उपरण्याचे काय झाले, हे सासूबाईंना आम्ही अद्याप सांगितलेले नाही.

रेशमाचे धागे बारीक आणि गुळगुळीत असतात. ताण आला की गाठ आत आत सरकत आवळत जाते. टायचेही तेच होते. सुती ओढणी त्या मानाने बरी, पण ती घडी घालून चार बोटे रुंद पट्टी करावी, मनगटाभोवती निदान दोन वेढे द्यावेत आणि शेवटी निरगाठ न मारता सुरगाठ मारावी, म्हणजे एक टोक ओढले की सारे मोकळे होईल. ते टोक बांधलेल्या व्यक्तीच्या बोटांना पोहोचेल असे ठेवले तर आणखी चांगले. जरीची किंवा टिकल्यांची ओढणी नको. साडी या कामाला फार लांब पडते, आणि तिचा उरलेला बोळा कोठे ठेवावा हा प्रश्न ऐन वेळी उभा राहतो.

दोरीच वापरायची इच्छा असेल, तर कोणती घ्यावी?

सुती, विणीची, ६ ते ८ मिलिमीटर जाडीची. ‘विणीची’ हा शब्द महत्त्वाचा आहे, कारण हस्तकलेच्या दुकानांत मॅक्रमेसाठी, म्हणजे गाठींच्या शोभेच्या कामासाठी, जी देखणी सुती दोरी मिळते, ती बहुधा एकेरी पिळाची आणि बारीक असते; तिचा पीळ वापरात उलगडतो आणि तिचे तंतू सर्वत्र पसरतात. दुकानात दोरीचे टोक उलगडून आतला गाभा पाहावा. आत प्लास्टिकचे कडक धागे असतील, तर दोरी वरून मऊ लागली तरी वळणावर ताठ राहते आणि गाठ नीट बसत नाही. चांगली दोरी दोन बोटांत चिमटली की थोडी चपटी होते.

सुती दोरीचा दोष असा की ती ताणते आणि घामाने ओली झाली की गाठ घट्ट धरून बसते. मे महिन्यात, पंखा बंद ठेवण्याचा हट्ट कोणी धरला, तर याचा अनुभव लगेच येईल. यावर उपाय म्हणजे गाठ कमी आणि वेढे जास्त. दोरी दुहेरी करून दोन वेढे दिले की त्वचेवर चार पदर शेजारी शेजारी येतात, आणि ८ मिलिमीटरच्या दोरीचा मिळून साधारण ३ सेंटिमीटर रुंदीचा पट्टा तयार होतो. पदर एकमेकांवर चढू देऊ नयेत. चढलेला एक पदर सगळा दाब स्वतःकडे घेतो.

नायलॉनची मऊ दोरी धुवायला सोपी आणि दिसायला चकचकीत असते, पण तिच्यावर गाठी सरकतात आणि ती त्वचेवरून झरझर ओढली तर घर्षणाने भाजते. तागाची दोरी या कलेतल्या जाणकारांना प्रिय आहे, कारण ती फारशी ताणत नाही आणि गाठ धरून ठेवते. मात्र नवी तागाची दोरी खरखरीत असते, तिचे बारीक तंतू जाळून, तेल लावून, मळून ती तयार करावी लागते, आणि आपल्याकडच्या पावसाळ्यात तिला बुरशीचा वास धरायला वेळ लागत नाही. पहिल्या वर्षी तिच्या वाटेला जाऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

किती लांबीची घ्यावी?

नुसत्या मनगटांसाठी किंवा घोट्यांसाठी ३ ते ४ मीटरचे दोन तुकडे पुरतात. मोठ्या बांधणीसाठी ७-८ मीटरच्या दोऱ्या वापरतात, पण नवख्या हातात लांब दोरी म्हणजे अर्धा वेळ गुंता सोडवण्यात. टोकांना दोरा गुंडाळून घ्यावा, नाहीतर वीण सुटत जाते.

आमच्याकडे गिर्यारोहणाची दोरी आणि कॅराबिनर (झडपेच्या धातूच्या कड्या) आहेत. ते वापरावेत का?

ठाण्यात शनिवार-रविवारी पाठीवर सॅक टाकून बाहेर पडणाऱ्यांची वाण नाही, त्यामुळे हा प्रश्न मला सर्वाधिक वेळा आला आहे. आरोहणाची मुख्य दोरी साधारण १० मिलिमीटर जाड आणि ताठ असते. ती माणसाचे वजन पेलण्यासाठी बनवलेली असते, मनगटाभोवती वळण्यासाठी नाही. शिवाय तिच्यात कड्यावरची माती आणि वाळू बसलेली असते, आणि खेळात वापरलेली दोरी पुन्हा कड्यावर नेणेही मला पटत नाही. कफ एकमेकांना जोडण्यासाठी कॅराबिनर चालतो, पण त्याला ताण असताना तो सोडवता येत नाही, आधी ढील द्यावी लागते. घोड्यांच्या साजात वापरतात तसे, ताणाखालीही कडी मागे ओढताच उघडणारे हूक ‘पॅनिक स्नॅप’ या नावाने मिळतात. जोडणी करायचीच असेल तर ते अधिक योग्य आहेत.

आरोहकांना एक अधिकची सूचना. आपल्याला दहा गाठी येतात म्हणून आपण या विषयात अनुभवी ठरत नाही. हार्नेस वजन मांड्यांवर आणि कमरेवर घेतो. मनगट हा वजन घेण्याचा अवयव नव्हे. पंख्याच्या हुकाला, खिडकीच्या ग्रिलला किंवा दाराच्या चौकटीला शरीराचे वजन टांगण्याचा विचार नवख्यांनी मनातही आणू नये.

कोणत्या वस्तू मुळीच वापरू नयेत?

केबल टाय पहिल्या क्रमांकावर, कारण तो फक्त आवळतो, सैल होत नाही. सुतळी, परकराची नाडी, कपडे वाळत घालायची बारीक नायलॉन दोरी आणि विजेची वायर या सर्व अरुंद वस्तू त्वचेत रुततात. काथ्या साल काढतो. पार्सलची चिकटपट्टी केस आणि त्वचा दोन्ही ओढते. त्वचेला न चिकटता केवळ स्वतःलाच चिकटणारी, सुमारे ५ सेंटिमीटर रुंदीची पीव्हीसी पट्टी या खेळासाठी वेगळी मिळते. ती सैल गुंडाळली तर चालते, पण काढताना उलगडत बसावे लागते किंवा कापावी लागते, आणि तिच्याखाली घाम साचतो.

औषधांच्या दुकानातले क्रेप बँडेज अनेकांना सुरक्षित वाटते, कारण ते दवाखान्यातले असते. पण ते लवचिक असल्यामुळे बांधल्यानंतरही सतत आवळत राहते. मुरगळलेल्या पायाला हा गुण उपयोगी आहे, बांधलेल्या हाताला घातक.

आणि गळ्याभोवती काहीही नाही: मऊ नाही, सैल नाही, क्षणभरही नाही. सरकफासही कोठेच नको, कारण ओढले की तो लहान होत जातो.

खेळण्यातल्या लोखंडी हातकड्या स्वस्त मिळतात. त्यांत वाईट काय?

त्यांची कड. मनगटाच्या अंगठ्याकडील बाजूला एक संवेदना देणारा मज्जातंतू जवळजवळ त्वचेलगत जातो, आणि धातूची अरुंद कड त्यावर टेकली की अंगठ्याची मागची बाजू बधिर होते. पोलिसी बेड्या घातलेल्यांमध्ये ही इजा वैद्यकशास्त्राला चांगली परिचित आहे. खेळण्यातल्या बेड्यांना दुहेरी खटका नसतो, त्यामुळे हालचाल केली की त्या आणखी एक दात पुढे सरकतात. किल्ली हरवली की पुढचे सांगायला नको. नाटकापुरत्या हातात धरायला त्या ठीक आहेत.

किती सैल बांधावे, आणि कोठे?

पट्टा आणि त्वचा यांच्यामध्ये दोन बोटे सपाट सरकली पाहिजेत, आणि ही तपासणी बांधून झाल्यावर एकदा करून भागत नाही. हात हलले, अंग वळले की पुन्हा करावी. बांधायची जागा म्हणजे मनगटाच्या सांध्याच्या किंचित वर, कोपराच्या दिशेने, आणि पायात घोट्याच्या वर. काख, दंडाची मागची व बाहेरची बाजू, कोपराची आतली बाजू आणि गुडघ्याखालची बाहेरची बाजू येथे मज्जातंतू त्वचेलगत किंवा हाडालगत उघडे पडलेले असतात. कोपर कोठेतरी आपटल्यावर करंगळीपर्यंत जो झटका जातो, तो अशाच एका मज्जातंतूचा असतो. या ठिकाणी काहीही आवळू नये.

रक्तप्रवाह आणि मज्जातंतू या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि लोक यांतली पहिलीच तपासतात. रक्त अडले की हात जांभळट आणि थंड पडतो. नख दाबून सोडले तर साधारण दोन सेकंदांत गुलाबी रंग परत यायला हवा. मज्जातंतू दबला असेल तर मात्र हाताचा रंग चांगला असू शकतो आणि तरी इजा होत असते. मुंग्या, सुया टोचल्यासारखी भावना, बोटांतली ताकद जाणे ही त्याची चिन्हे आहेत. म्हणून दर काही मिनिटांनी समोरच्या व्यक्तीला आपली दोन बोटे घट्ट आवळायला आणि मग पंजा मनगटातून मागे उचलायला सांगावे. जमले नाही, किंवा दोन्ही हातांत फरक जाणवला, तर त्याच क्षणी सोडावे. ‘अजून थोडे’ म्हणण्याची ही जागा नाही.

पहिल्या वेळी हात पुढे बांधावेत आणि दहा-पंधरा मिनिटांवर जाऊ नये. हात डोक्याच्या वर असतील तर वेळ आणखी कमी. हात पाठीमागे बांधून पालथे झोपवणे टाळावे. त्या अवस्थेत छाती दबते आणि श्वास कोंडू शकतो.

कोणती कात्री जवळ ठेवावी?

सर्जिकल सामानाच्या दुकानात बँडेज कापायची कात्री मिळते, तिचे खालचे पाते टोकाला चपटे आणि बोथट असते, त्यामुळे ते त्वचा आणि दोरी यांच्यामध्ये सरकवता येते. ती हाताच्या अंतरावर, दोघांनाही ठाऊक असलेल्या जागी ठेवावी. आणलेल्या दोरीचा एक तुकडा त्याच दिवशी कापून पाहावा. ८ मिलिमीटरची दोरी दुहेरी असताना कात्री अडखळली, तर कात्री बदलावी.

आमचा बॉक्स बेड आहे. पट्टे अडकवायचे कोठे?

घोडबंदर रोडपासून सीवूड्सपर्यंतच्या फ्लॅटमध्ये हीच अडचण. पलंगाला पाय नाहीत, डोक्याकडची बाजू सपाट, आणि गादीखाली सगळ्या घराच्या रजया. अशा पलंगासाठी गादीच्या खालून आडवे जाणारे, चारही कोपऱ्यांना कफ जोडता येणारे पट्टे मिळतात. गादीच्याच वजनाने ते जागेवर राहतात. घेण्यापूर्वी गादीची रुंदी अधिक दोन्ही बाजूंची जाडी मोजावी, कारण सहा फुटी गादीला आखूड पट्टा पुरत नाही. एका कामाच्या दिवशी ते पट्टे काढायचे विसरून आम्ही हायड्रॉलिक झाकण उचलले आणि एक बक्कल बिजागरीत अडकून तुटले. तेव्हापासून ते वापर झाला की लगेच निघतात.

मधुमेह, थायरॉइड किंवा ॲलर्जी असेल तर?

जुन्या मधुमेहात हातापायांची संवेदना कमी झालेली असू शकते, त्यामुळे ‘मुंग्या आल्या की सांग’ ही सूचना भरवशाची राहत नाही. तेथे वेळ कमी ठेवावा आणि डोळ्यांनी तपासत राहावे. थायरॉइडचा त्रास आणि गर्भारपण यांत मनगटातला मज्जातंतू आधीच दाबाखाली असण्याची शक्यता जास्त असते. रक्त पातळ करणारी औषधे चालू असतील तर थोड्या दाबानेही काळेनिळे डाग पडतात. कृत्रिम दागिन्यांनी खाज सुटणाऱ्यांना निकेलच्या कड्या त्रास देतात. शंका असेल तर आपल्या डॉक्टरांना विचारावे; प्रश्न ‘मनगटावर दाब आला तर चालेल का’ एवढाच आहे, त्यामागची कथा सांगावी लागत नाही.

दाराची बेल वाजली तर बांधलेल्या व्यक्तीला दोन मिनिटे सोडून जाता येईल का?

नाही. पार्सल वॉचमनकडे राहू द्यावे. मद्यपान केलेले असतानाही हा खेळ नको, कारण दारूने वेदना आणि विवेक दोन्ही बोथट होतात.

‘थांब’ म्हटले की थांबायचे, एवढे पुरेसे नाही का?

पुरेसे आहे, आणि कोणतीही वेगळी खूण ठरवलेली नसेल तर ‘थांब’चा अर्थ थांब असाच असतो. तरीही लटक्या ‘नको ना’ची आपल्या बोलण्यात सवय असल्यामुळे एक वेगळा शब्द आधी ठरवणे बरे. सिग्नलप्रमाणे ‘पिवळा’ म्हणजे जरा सैल कर आणि ‘लाल’ म्हणजे सगळे सोड, ही पद्धत सोपी आहे. एका नौपाड्याच्या जोडप्याने ‘तीन हात नाका’ हे ठाण्यातल्या चौकाचे नाव ठरवले आहे, कारण प्रेमाच्या भरात ते तोंडून निघण्याची शक्यता शून्य. बोलणे अवघड जात असेल तर हातात किल्ल्यांचा जुडगा द्यावा. तो पडला की सोडायचे. तोंडात बोळा घालणे हा नवख्यांचा प्रकार नव्हे.

कोणत्या वस्तूने, कोठे आणि किती वेळ हे कपडे अंगात असताना, चहा पिताना बोलून घ्यावे. काल दिलेला होकार आज लागू होत नाही, आणि पती-पत्नी असल्याने तो गृहीतही धरता येत नाही.

कायद्याने यात काही अडचण आहे का?

१ जुलै २०२४ पासून लागू असलेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम २५ मध्ये, १८ वर्षांवरील व्यक्तीच्या संमतीने केलेल्या, आणि ज्यात मृत्यू किंवा गंभीर इजा घडवण्याचा हेतू अथवा तशी शक्यता असल्याची जाणीव नाही अशा कृत्याला संरक्षण आहे. पण भीतीपोटी किंवा गैरसमजातून दिलेली संमती ही संमतीच नव्हे, हे कलम २८ सांगते, आणि इच्छेविरुद्ध कोणाला अडवून किंवा डांबून ठेवणे हा कलम १२६ व १२७ खाली गुन्हा आहे. जोडीदार बळजबरी करीत असेल तर १८१ ही महिला हेल्पलाइन आणि ११२ हा आपत्कालीन क्रमांक उपलब्ध आहे. तो विषय बंधनखेळाचा नसून हिंसेचा आहे.

सोडल्यानंतरही बधिरपणा राहिला तर?

सौम्य मुंग्या काही मिनिटांत जायला हव्यात. पंजा मनगटातून उचलता येत नसेल, बोटांत ताकद नसेल किंवा बधिरपणा तासाभरानेही तसाच असेल, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे आणि मनगटावर किती वेळ दाब होता हे खरे सांगावे. दबलेला मज्जातंतू बहुधा पूर्ण बरा होतो, पण त्याला काही आठवडे, कधी महिनेही लागतात, आणि त्या काळात त्याच जागी पुन्हा दाब येता कामा नये.

साहित्य धुवायचे आणि ठेवायचे कसे?

सुती दोरी उशीच्या अभ्र्यात घालून, अभ्र्याचे तोंड बांधून सौम्य साबणाने मशीनमध्ये धुवावी, नाहीतर ती मशीनच्या दांड्याभोवती आटे घेते. वाळवताना सावलीत, हलका ताण देऊन लांबवर टांगावी. वेल्क्रोच्या काट्यांत अडकलेले केस आणि धागे जुन्या दात घासायच्या ब्रशने काढावेत, अन्यथा पकड जाते. चामड्याचे पट्टे ओल्या फडक्याने पुसून, पूर्ण वाळल्यावर कापडी पिशवीत ठेवावेत. जून ते सप्टेंबर पिशवीत सिलिका जेलच्या पुड्या टाकाव्यात आणि आठवड्यातून एकदा हवा द्यावी. एकत्र कुटुंबात किंवा कामाला बाई येत असलेल्या घरात कफ वाळवायला न्हाणीघराच्या दारामागचा हूक बरा. दोरीची चिंता नाही. आमची पांढरी सुती दोरी गॅलरीत टॉवेलांच्या शेजारी टांगलेली असते, आणि समोरच्या काकूंनी ती कोठून आणली म्हणून विचारले होते, त्यांना कपडे वाळत घालायला तशीच हवी होती.